‘तुमच्या सल्ल्याने एक टनाचा एसी घेतला आणि फसलो’ : प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. राग समजला, आणि एका मुद्द्यावर तो अगदी योग्य आहे. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. मुंबईतल्या फ्लॅटसाठी एसी निवडण्याबद्दलच्या लेखात आम्ही १२० ते १५० चौरस फुटांच्या बेडरूमला एक टन पुरतो असं लिहिलं होतं. तुम्ही दहिसरला शेवटच्या मजल्यावर राहता. खोली १६० चौरस फूट, दोन भिंती बाहेरच्या, खिडक्या पश्चिमेला. आमच्या लेखावर विसंबून एक टनाचा इन्व्हर्टर स्प्लिट लावलात आणि मे महिन्यात रात्री अकरालासुद्धा खोली २८ अंशांच्या खाली येत नाही. दुकानदार दीड टन घ्या म्हणत होता, तोच खरा ठरला, असं तुमचं म्हणणं. शिवाय आम्ही विंडो एसी सुचवतो हा जुनाटपणा आणि ‘फाइव्ह स्टार प्रत्येकाला परवडतोच असं नाही’ हे वाक्य दिशाभूल करणारं, असे आणखी दोन आक्षेप.

गच्चीखालच्या मजल्याचा अपवाद लेखात ठळक यायला हवा होता. तो आला नाही, ही आमची चूक, आणि लेखात दुरुस्ती केली आहे. पण ‘मुंबईत सरसकट दीड टनच घ्यावा’ हा तुमचा निष्कर्ष मान्य करता येणार नाही.

एक टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू (उष्णता मोजायचं एकक), साधारण ३,५०० वॅट उष्णता खोलीबाहेर काढण्याची क्षमता. आता मधल्या मजल्यावरची १० बाय १२ ची बेडरूम घ्या. एक भिंत पश्चिमेला, तिच्यात चार बाय चारची खिडकी, पडदा उघडा. मेमधल्या दुपारी चारला काचेतून येणारं ऊन ६०० ते ७०० वॅट, नऊ इंची विटेची भिंत सव्वादोनशे, आतल्या तीन भिंतींतून दोनशे, दोन माणसं सव्वादोनशे, पंखा-दिवा-टीव्ही सव्वाशे, दारं-खिडक्यांच्या फटींतून येणारी दमट हवा साडेतीनशे. बेरीज १,८०० वॅटच्या आसपास, म्हणजे जेमतेम अर्धा टन. इथे एक टन पुरून उरतो.

तुमच्या खोलीत याच हिशेबात उघड्या आरसीसी स्लॅबचे एकट्याचे ९५० ते १,००० वॅट वाढतात. काच दुप्पट, बाहेरच्या भिंती दोन, खोली मोठी. बेरीज ३,९०० च्या पुढे जाते. एक टनाचं यंत्र पूर्ण ताकदीने चाललं तरी मागेच पडणार. आणि रात्री अकराला का, याचंही उत्तर स्लॅबमध्येच आहे. काँक्रीट दिवसभर ऊन पिऊन ठेवतं आणि ती उष्णता मध्यरात्रीपर्यंत खाली सोडत राहतं. संध्याकाळी सातला छताला हात लावून पाहा, भिंतीपेक्षा ते स्पष्ट गरम लागेल.

मग सगळ्यांनीच दीड टन का घेऊ नये? कारण मुंबईत एसीला हवेतलं पाणी काढण्याचंही मोठं काम असतं. बाहेर ३३ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता असताना दर किलो हवेत २० ग्रॅमच्या वर वाफ असते. खोली २५ अंश आणि ५५ टक्क्यांवर आणायची तर ती ११ ग्रॅमवर यायला हवी. फटींतून तासाला तीसेक घनमीटर हवा आत शिरली, तरी तिच्यासोबत सव्वातीनशे मिलिलिटरच्या आसपास जास्तीचं पाणी येतं. ते एसीतल्या गार नळ्यांच्या कॉइलवर जमून ड्रेन पाइपातून जायला कॉइल सलग गार राहावी लागते. गरजेपेक्षा मोठं यंत्र खोली दहा मिनिटांत २४ वर आणतं आणि कॉम्प्रेसर थांबतो. आतला ब्लोअर मात्र चालूच, त्यामुळे कॉइलवरचं पाणी पुन्हा हवेत मिसळतं. अशा खोलीत आकडा २४ दिसतो, पण उशीची खोळ ओलसर लागते, कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर जुलैत बुरशी धरते, आणि माणूस ‘गार होत नाही’ म्हणून आकडा २० वर नेतो. दिल्लीच्या कोरड्या उन्हाळ्यात चालणारा ‘मोठंच घ्या’ हा हिशेब इथे अंगाशी येतो तो असा.

इन्व्हर्टर यंत्र कॉम्प्रेसरचा वेग कमी करून हे बरंचसं सावरतं, पण त्यालाही खालची मर्यादा असते. म्हणून दुकानात ‘दीड टन’ या शब्दावर थांबू नका. बीईईच्या (वीज बचतीचे तारे देणाऱ्या सरकारी संस्थेच्या) लेबलवर पूर्ण आणि अर्ध्या क्षमतेचे वॅट छापलेले असतात. दीड टन म्हणून विकली जाणारी यंत्रं ४,७०० पासून ५,२०० वॅटपर्यंत कुठेही असतात. तुमच्या खोलीला त्यातलं लहानसुद्धा पुरलं असतं.

आता हातात असलेल्या यंत्राचं काय? लगेच बदलू नका, आधी दोन आकडे घ्या. साधा डिजिटल थर्मामीटर घ्या. एसी १८ वर, त्याचा पंखा हाय ठेवून वीस मिनिटं चालवा. वरून आत ओढली जाणारी हवा आणि खालच्या झडपेतून येणारी हवा, दोन्हींचं तापमान लिहा. फरक ९ ते १२ अंश आला तर यंत्र ठणठणीत आहे, खोलीचं ओझं जास्त आहे. फरक ५-६ च आला तर दोष यंत्रात किंवा जोडणीत. जाळी धुऊनही तेवढाच राहिला तर दोन जागा बघा. एक, आउटडोअर, म्हणजे बाहेर बसवलेला भाग. ते ड्राय बाल्कनीत असेल, समोर कपडे वाळत असतील किंवा सुरक्षेची बारीक जाळी असेल, तर स्वतःचीच गरम हवा ते पुन्हा ओढतं. समोर किमान दोन फूट मोकळं आणि मागे चार-सहा इंच लागतात. दोन, फ्लेअर नट, म्हणजे तांब्याच्या पाइपांचा जोड आवळणारा नट. जोडावर तेलाचा डाग दिसला की गॅस तिथूनच जातोय. जोड नव्याने न करता नुसता गॅस भरून घेतलात तर पुढच्या उन्हाळ्यात तेच.

फरक चांगला आला, तर पैसे आधी छतावर आणि काचेवर घाला. गच्ची सोसायटीची, म्हणून कमिटीची लेखी परवानगी घेऊन तुमच्या खोलीवरच्या भागाला पांढरं परावर्तक कोटिंग करून घ्या. चायना मोझॅक (फुटक्या टाइल्सचं अस्तर) असेल तर ते घासून पांढरं ठेवा. पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून छज्जा किंवा बांबूची चटई लावा. आतला पडदा त्या मानाने कमी उपयोगाचा, कारण ऊन काचेतून आत आलेलं असतंच. एवढं करून ओझं ३,००० वॅटच्या आसपास उतरलं तर आहे तोच एसी पुरेल. नाहीच पुरला तर दीड टन घ्या आणि हे यंत्र लहान खोलीत हलवा.

विंडो एसीबद्दल. नव्या टॉवरमध्ये आउटडोअरसाठी कठडा असतो, तिथे स्प्लिटच घ्या. झोपेत आवाज कमी, हा फायदा मोठा आहे. पण गिरगाव, दादर, परळच्या जुन्या इमारतींत चौथ्या मजल्यावर बाहेरच्या भिंतीला ब्रॅकेट ठोकायचं म्हणजे मेकॅनिकला खिडकीबाहेर लोंबकळावं लागतं, आणि पुढे प्रत्येक सर्व्हिसिंगला पुन्हा तेच. त्यासाठी कुणाचा जीव धोक्यात घालावा असं आम्हाला वाटत नाही. शंभर-सव्वाशे फुटांच्या खोलीत, खिडकीत चौकट तयार असताना, विंडो एसी आतूनच बसतो आणि आतूनच निघतो. त्याचा मागचा भाग अर्धा इंच खाली कललेला हवा, नाहीतर पाणी घरात येतं. आणि ते पाणी पाइपाने खाली नेलं नाही तर खालच्या मजल्यावरच्या छपरावर रात्रभर टपटप, आणि मग सोसायटीत भांडण.

फाइव्ह स्टार. एक टन, वर्षातून सहा महिने, रोज सहा तास, सरासरी दोन किलोवॅट गारवा असं धरा. आयएसईईआर म्हणजे एका युनिट विजेत हंगामभर सरासरी किती गारवा मिळतो तो आकडा. तो ३.९ असलेल्या, कमी ताऱ्यांच्या यंत्राला सुमारे ५५५ युनिट लागतात, ५.१ च्या, जास्त ताऱ्यांच्या यंत्राला सुमारे ४२५. फरक १३० युनिटांचा, दहा रुपयांनी तेराशे. किमतीत सहा-सात हजारांचा फरक असेल तर तो फिटायला पाच वर्षं. स्वतःच्या घरात तुम्ही ती राहणार आहात, तेव्हा तुमच्यासाठी फाइव्ह स्टारच बरोबर. अकरा महिन्यांच्या भाडेकरारावर राहणाऱ्याला ते सांगणं आम्हाला पटत नाही. ताऱ्यांचे निकष दर काही वर्षांनी कडक होतात, म्हणून तुलना आयएसईईआरच्या आकड्यानेच करा.

शेवटी, दीड टन घ्यायची वेळ आलीच तर त्या दिवशी घरी थांबा. आधी इलेक्ट्रिशियनकडून मीटरबोर्डापासून चार चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तांब्याची वायर आणि २० अँपिअरचा सी-कर्व्ह एमसीबी (सुरू होतानाचा झटका सोसणारा, पण जास्त प्रवाह झाला की आपोआप पडणारा स्विच) तपासून घ्या. घराचा मंजूर वीज-लोड कमी असेल तर वीज कंपनीकडे वाढवून घ्या. मग मेकॅनिकच्या पिशवीत पाइपातली हवा ओढून काढणारा व्हॅक्यूम पंप आहे का ते बघा. पाइपात थोडा गॅस सोडून हवा बाहेर काढणारे बरेच जण भेटतील. त्याने ओलावा आतच राहतो आणि पुढे कॉम्प्रेसरचं तेल खराब करतो. पंप पंधरा-वीस मिनिटं चालवून, बंद करून, गेजचा काटा दहा मिनिटं हलत नाही हे तुमच्या डोळ्यांनी बघा, मगच व्हॉल्व्ह उघडू द्या. दहिसरला खाडीची हवा आहे, म्हणून ब्रॅकेट आणि बोल्ट गॅल्वनाइज्ड मागा.

तापमानाचे ते दोन आकडे आणि आउटडोअर नेमकं कुठे बसवलं आहे, हे इथेच खाली लिहा. त्यावरून यंत्र बदलायचं की छत रंगवायचं, ते सांगता येईल.