१९६३ पूर्वी गोव्यात निवडणूकच नव्हती?

डिसेंबर जवळ आला की मुक्तिदिनाच्या शुभेच्छांबरोबर एक मजकूर आमच्या घरच्या ग्रुपवर हटकून येतो. यंदा तो धाकट्या मामाने टाकला. मजकूर असा: पोर्तुगिजांच्या साडेचारशे वर्षांत गोव्यात एकदाही निवडणूक झाली नाही, १९६३ साली गोंयकाराने पहिल्यांदा मत दिले, आणि त्याच सुमारास पणजीकरांनी आपला पहिला महापौर थेट निवडून दिला. खाली तिरंगा आणि जोडलेले हात. मामाला एकट्याला कळवून भागणार नाही, कारण हा मजकूर आतापर्यंत सगळ्यांच्याच फोनात पोचला आहे.

महापौराचे आधी उरकून टाकू. १९६३ साली पणजीत हे पदच नव्हते. पणजी महानगरपालिकेचा कायदा २००२ चा. त्याआधी तिथे नगरपालिका होती. आणि ‘थेट’ तर आजही नाही. लोक ३० प्रभागांतून नगरसेवक निवडतात, महापौर कोण ते नगरसेवक ठरवतात. मडगाव-म्हापशाला अजून नगराध्यक्षच आहे.

आता ‘एकदाही नाही’. पोर्तुगालात १८२० साली क्रांती झाली, लिस्बनला घटना लिहायला संसद बसली आणि वसाहतींनीही प्रतिनिधी पाठवावेत असे ठरले. त्यानुसार १८२२ त गोव्याने तिघे निवडले. बेर्नार्दु पेरिश द सिल्वा आणि कोंस्तांसियु रॉक द कोस्ता हे दोघे इथलेच, तिसरा लिमा लैतांव हा पोर्तुगीज डॉक्टर. यातले पेरिश द सिल्वा १८३५ त गोव्याचे प्रीफेक्त, म्हणजे मुख्य कारभारी झाले. इथल्या मातीतला माणूस वरच्या खुर्चीत बसलेला पोर्तुगिजांना सोसला नाही. काही दिवसांतच बंड करून त्यांना हाकलले.

नगरसभा तर याहून कितीतरी जुनी. १५१० नंतर जुन्या गोव्यात लिस्बनच्या धर्तीवर ‘सेनादु’ आली. अशा पोर्तुगीज नगरसभांची जुनी रीत मजेशीर होती: लायक ठरलेल्यांची नावे चिठ्ठ्यांवर लिहायची, चिठ्ठ्या मेणाच्या गोळ्यांत बंद करायच्या, गोळ्या थैलीत टाकायच्या आणि एका लहान पोराला हात घालायला सांगायचे. निवडणूक आणि मटका यांच्या मधले काहीतरी! शिवाय ती गोव्यात लग्न करून राहिलेल्या पोर्तुगिजांची होती, आपली नव्हे. याला निवडणूक म्हणताना माझीही जीभ अडखळते, त्यामुळे हा मुद्दा मी ताणत नाही.

ताणतो तो पुढचा. २१ सप्टेंबर १८९०, मडगाव, पालिकेची निवडणूक. तेव्हा सासष्टीत, म्हणजे मडगावच्या तालुक्यात, दोन पक्ष होते. एक ‘उल्त्रामारीनु’, मडगावच्या कोस्ता घराण्याचा. त्याच घराण्यातल्या बेर्नार्दु फ्रांसिश्कु द कोस्ता यांनी १८५९ त ‘ओ उल्त्रामार’ हे वर्तमानपत्र काढले होते. दुसरा ‘इंदियानु’, ओर्लीच्या जुझे इनासियु द लोयोला यांचा. भांडणाला बामण आणि चारडो या ख्रिस्ती जातींचीही किनार होती. मतदान त्या काळी इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, व्हायचे. त्या दिवशी मडगावच्या इगर्जीजवळ लोक जमले, आणि फिरंगी सैनिकांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. माणसे मेली. त्यावर मांडो, म्हणजे गोव्यातल्या ख्रिस्ती लोकांचे कोंकणी गाणे, रचला गेला, म्हणून ती तारीख शाळेच्या पुस्तकात नसली तरी लग्नाघरी तोंडपाठ राहिली.

पुरुमेंताच्या फेस्ताला, म्हणजे बेगमीच्या जत्रेला, तुम्ही त्याच आवारात गेला असाल. मधोमध उंच खुरीस, म्हणजे क्रूस, भोवती सुक्या मिरच्या आणि खाऱ्या मासळीची दुकाने, पावसाळ्याची बेगमी करायला आलेली बायामाणसे. तिथे मिरच्यांचा भाव करताना मलाही कधी कुणी सांगितले नव्हते की पालिकेच्या मतदानापायी इथे रक्त सांडले आहे. ‘निवडणूक झालीच नाही’ असे लिहिले की ही माणसेच पुसली जातात. मजकुरावर माझा खरा राग आहे तो यासाठी.

म्हणजे पोर्तुगीज राज्यात लोकशाही होती, असे म्हणून जुन्या राज्याचे गोडवे गाणाऱ्यांनी उड्या मारू नयेत. मत होते ते कर भरणाऱ्या, लिहिता-वाचता येणाऱ्या मूठभर पुरुषांचे. जमीनदाराच्या भाटात, म्हणजे बागायतीत, त्याच्याच जागेवर राहून राबणाऱ्या मुंडकाराला कोण विचारतो? १९२६ त लिस्बनला लष्कराने सत्ता घेतली, पुढे हुकूमशहा सालाझार आला आणि उरलेसुरलेही आटले. त्याच मडगावात १८ जून १९४६ ला डॉ. राममनोहर लोहिया आणि डॉ. जुलियांव मिनेझिस सभेत बोलायला उभे राहिले तर त्यांना पकडून नेले.

मजकुरात खरे काय आहे, तेही सांगतो. ९ डिसेंबर १९६३ ला विधानसभेसाठी मतदान झाले आणि भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. भाटकाराचे, म्हणजे जमीनदाराचे, एक मत, मुंडकाराचेही एकच, त्याच्या बायकोचेही. गोव्याच्या इतिहासात ही गोष्ट नवीच होती. फक्त तिची सुरुवातही १९६३ ची नव्हे. पंचायतींच्या निवडणुका १९६२ तच झाल्या होत्या.

तेव्हा मामा, ‘निवडणूक’च्या आधी ‘प्रौढ मताधिकाराची’ हे दोन शब्द घाल, १९६३ चे १९६२ कर, आणि महापौराचे वाक्य सरळ उडव. तिरंगा राहू दे.