सात अब्ज डॉलर आणि ‘शून्य फरक’

‘अमेरिकेने मागे पडलेल्या शाळांवर सात अब्ज डॉलर ओतले, मुलांच्या गुणांत काडीचाही फरक पडला नाही. म्हणजे शाळांना अनुदान देणं हा पैसा पाण्यात घालणंच.’ हा दावा वारंवार पुढे पाठवला जातो. त्यातला आकडा खरा आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे, आणि तो मान्य झाला तर नुकसान सर्वांत गरीब वस्त्यांतल्या मुलांचं होतं.

योजनेचं नाव ‘स्कूल इम्प्रूव्हमेंट ग्रँट्स’. २००९च्या आर्थिक प्रोत्साहन कायद्याने तिला तीन अब्ज डॉलर दिले आणि ती मोठी झाली; पुढच्या वर्षांच्या रकमा धरून सात अब्ज होतात. निवडलेल्या शाळेला वर्षाला जास्तीत जास्त २० लाख डॉलर, तीन वर्षांसाठी. त्या बदल्यात मुख्याध्यापक आणि किमान निम्मे शिक्षक बदलायचे, किंवा मुख्याध्यापक बदलून अध्यापनाची घडी नव्याने बसवायची, किंवा शाळा चार्टर संस्थेकडे (सरकारी पैशावर स्वतंत्रपणे शाळा चालवणाऱ्या संस्थेकडे) सोपवायची, नाहीतर बंद करायची. जानेवारी २०१७मध्ये शिक्षण खात्याचा मूल्यमापन अहवाल आला. २२ राज्यांतल्या सुमारे ५०० शाळा तपासून त्याने सांगितलं की गुण, शालान्त उत्तीर्णता आणि कॉलेजप्रवेश यांवर ठोस परिणाम आढळला नाही.

‘अहवालाने सिद्ध केलं की पैशाने काही होत नाही.’ असं त्यात कुठेही नाही. अनुदानाच्या पात्रतेची रेषा जेमतेम गाठलेल्या आणि जेमतेम हुकलेल्या शाळांची त्यात तुलना होती. पद्धत चांगली आहे, पण त्या रेषेपासून दूर असलेल्या शाळांबद्दल ती फारसं सांगू शकत नाही. शिवाय परिणाम ‘आढळला नाही’ आणि परिणाम ‘नाही’ यांत फरक आहे. लहानशी सुधारणा झाली असती तरी ती या चाळणीतून निसटली असती. मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती अहवालातलीच एक नोंद: अनुदानामुळे शाळांनी योजनेत सांगितलेल्या पद्धती जास्त प्रमाणात अवलंबल्या, याचाही पुरावा मिळाला नाही. रेषेच्या दोन्ही बाजूंच्या वर्गांत बऱ्याच अंशी सारखंच चाललं असेल, तर गुणांत फरक यावा कुठून?

‘कुठेच फरक पडला नाही.’ हे तर सरळ चूक आहे. अर्थतज्ज्ञ थॉमस डी यांनी कॅलिफोर्नियातल्या याच योजनेतल्या शाळा याच धर्तीच्या तुलनेने तपासल्या, आणि पहिल्याच वर्षात गुण लक्षणीय वाढलेले दिसले. ही वाढ मुख्यतः शिक्षकसंच मोठ्या प्रमाणावर बदललेल्या शाळांत होती. टेनेसीत तर दोन वाटा शेजारीशेजारी पाहायला मिळतात. राज्याने ताब्यात घेऊन बऱ्याच अंशी चार्टर संस्थांना दिलेल्या शाळा सुधारल्या नाहीत. मेम्फिसच्या स्थानिक शिक्षण विभागाने स्वतःकडे ठेवून, जादा मोबदला देऊन चांगले शिक्षक आणलेल्या ‘आयझोन’ शाळा सुधारल्या. (ते शिक्षक ज्या शाळांतून आले, तिथल्या मुलांना थोडी झळ बसली. तेही सांगायलाच हवं.)

‘सहावी-सातवीपर्यंत मूल मागे पडलं की पडलंच.’ हे वाक्य ऐकलं की मला राग येतो. मिडल स्कूलचं (सहावी ते आठवीच्या शाळेचं) काम अवघड आहे, हे खरं. सहावीत आलेल्या मुलाचे अपूर्णांक कच्चे असतात, त्यावर गुणोत्तर, त्यावर बीजगणित. प्रत्येक विषयाला वेगळा शिक्षक, त्यामुळे नेमकं कुठे अडलंय हे एकाच्याही पूर्ण ध्यानात येत नाही. पण यावर उपाय करून पाहिलेला आहे. ह्यूस्टनमध्ये २०१०पासून अर्थतज्ज्ञ रोलंड फ्रायर यांच्या प्रयोगात पाच मिडल स्कूल आणि चार हायस्कूल होती. मुख्याध्यापक बदलले, शाळेचा वेळ वाढवला, आणि सहावी व नववीच्या मुलांना गणितासाठी रोज शिकवणी दिली, दोन मुलांमागे एक शिकवणारा. तीही शाळेच्या वेळापत्रकातच, त्यामुळे घरी कोण मदत करतं यावर काही अवलंबून राहिलं नाही. गणितात ठळक वाढ झाली. वाचनात जवळजवळ झाली नाही, आणि वाचनाचं कोडं अजून पुरतं सुटलेलं नाही.

कॅन्सस सिटीचा दाखला हमखास येतो: न्यायालयाच्या आदेशाने जवळपास दोन अब्ज डॉलर खर्च, तरी गुण जागच्या जागी. खरं आहे. पण तिथला हेतू वर्णविभाजन मोडण्याचा होता. इमारती आणि उपनगरांतल्या गोऱ्या मुलांना ओढून आणणाऱ्या विशेष शाळा यांवर बराच पैसा गेला.

उलट टोकाचा पुरावा मात्र त्या संदेशांत कधीच नसतो. अर्थतज्ज्ञ जॅक्सन, जॉन्सन आणि पर्सिको यांच्या २०१६च्या अभ्यासात, बाराही शालेय वर्षं दर मुलामागे खर्च १० टक्के जास्त राहिला तर मोठेपणी वेतन सुमारे ७ टक्क्यांनी जास्त आढळलं, आणि गरीब घरांतल्या मुलांना त्याहून अधिक लाभ झाला. मुद्दा ‘बाराही वर्षं’ हा आहे. ‘स्कूल इम्प्रूव्हमेंट ग्रँट्स’च्या २०१०च्या पहिल्या तुकडीतल्या शाळांना अनुदान मंजूर झालं तेव्हा शाळा उघडायला जेमतेम काही महिने उरले होते. त्यातच मुख्याध्यापक शोधायचा, शिक्षक नेमायचे, वेळापत्रक नव्याने आखायचं. त्या वर्षी सहावीत बसलेलं मूल तीन वर्षांनी आठवी संपवून बाहेर पडलं, तेव्हा शाळेचं अनुदानही संपत होतं.