*#६२# लावल्यावर दिसणारा नंबर कोणाचा?

पंचवटीतल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दोन दिवस एक मेसेज फिरतोय: '*#६२# लावा, नंबर दिसला तर फोन हॅक झालाय.' काल शेजारच्या काकू घाबऱ्याघुबऱ्या मोबाइल घेऊन आल्या. स्क्रीनवर खरंच एक अनोळखी नंबर!

हॅक वगैरे काही नाही. फोन बंद असताना किंवा रेंज नसताना येणारे कॉल कुठे वळवलेत, एवढंच हा कोड दाखवतो. बहुतेक वेळा तो नंबर सिमकंपनीच्याच व्हॉइसमेल किंवा मिस्ड कॉल सेवेचा असतो. काकूंचाही तोच निघाला.

खरी फसवणूक वेगळी. 'कुरिअरवाला' फोन करून *४०१* आणि पुढे दहा आकडी नंबर लावायला सांगतो. लावलात की तुमचे कॉल त्याच्याकडे, कॉलवर सांगितला जाणारा ओटीपीसुद्धा. (एसएमएस मात्र असे वळत नाहीत.) म्हणूनच दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४पासून कोड लावून कॉल वळवण्याची सोय थांबवायला कंपन्यांना सांगितलं. शंका असेल तर *#२१# लावा. सगळे कॉल वळवलेले असतील तर तिथे दिसेल, हे वळवणं फोनच्या कॉल सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

काकूंनी तोवर मेसेज माहेरच्या ग्रुपवर धाडला होता. आता हा खुलासाही तिकडे जाईल म्हणतात.