केजी बेसिनचा गॅस कुणी लपवला नाही हो मामा

काल रात्री मामांनी घरच्या ग्रुपवर फॉरवर्ड टाकला, "काकीनाड्याजवळ समुद्रात १० ट्रिलियन घनफूट गॅस मोजून ठेवला होता, भाव वाढेपर्यंत कंपनीने नळ बंद केला, आता हळूच काढतायत", (कंपनी म्हणजे रिलायन्स, जागा म्हणजे कृष्णा-गोदावरीच्या मुखाजवळचं केजी बेसिन) आणि खाली सात जणांचे हात जोडलेले. त्यात आमची आईपण. नाहीतर सोडून दिलं असतं.

"मोजून ठेवला" इथेच माझं डोकं फिरतं. कशाने मोजला? खाली टाकी नाहीये, वाळूचे थर आहेत, कणांमधल्या फटीत गॅस. खोल समुद्रात ओढ्यासारख्या धारांनी साचलेली ती वाळू, सिस्मिकमध्ये, म्हणजे जमिनीखाली ध्वनिलहरी सोडून काढलेल्या चित्रात, तिचा आकार दिसतो तोही धूसर, आणि एक धार दुसरीला आतून जोडलेली आहे का ते बऱ्याचदा गॅस काढायला लागल्यावर प्रेशर बघूनच कळतं. मामा, तुमच्या मळ्यात पाणाड्याने हातावर नारळ उभा करून तीन इंची पाणी सांगितलं होतं, लागलं दीड, मे महिन्यात तेही आटलं, बांधापलीकडे मात्र धो धो. तेव्हा पाणी कुणी लपवलं होतं? म्हणून या धंद्यात एक आकडा सांगत नाहीत, तीन सांगतात: एवढा तरी निघेल, एवढा बहुधा, आणि नशीब फळफळलं तर एवढा. फॉरवर्डवाल्यांना मोठाच तेवढा दिसतो.

नळ बंद? एप्रिल २००९ ला उत्पादन सुरू झालं, २०१० मध्ये रोज ६ कोटी घनमीटरपर्यंत गेलं, मग घसरगुंडी. प्रेशर उतरलं, विहिरींत पाणी आणि वाळू यायला लागली. आणि हे बघा, यात रिलायन्सची १० टक्क्यांची भागीदार होती कॅनडाची निको रिसोर्सेस, तिने २०१२ मध्ये साठ्याचा अंदाज साडेनऊ ट्रिलियनच्या वरून २ च्या खाली आणला. असला आकडा जाहीर करून कुठली कंपनी स्वतःच्या शेअरच्या पायावर धोंडा पाडून घेईल? ज्यातून हा गॅस यायचा ते डी-१, डी-३ साठे फेब्रुवारी २०२० मध्ये बंदच झाले.

विहिरी ठरल्यापेक्षा कमी खोदल्या हे मात्र मान्य करतो, सरकारचंही तेच म्हणणं होतं, गॅसच्या पैशातून कंपनीने किती खर्च वसूल करायचा यावरून प्रकरण लवादात गेलं. पण राग धरायचाच तर कंपनीच्या २००६ च्या प्लॅनवर धरा ना. रोज ८ कोटी घनमीटर धरून ८.८ अब्ज डॉलरचा प्लॅन, आणि वाळूने दगा दिल्यावर समुद्रातलं लोखंड काय दुकानदाराला परत करणार?

"हळूच काढतायत" तो गॅस वेगळा. ब्लॉक, म्हणजे समुद्रातला पट्टा, तोच, साठे दुसरे: आर क्लस्टर डिसेंबर २०२० ला, सॅटेलाइट २०२१, एमजे २०२३. एकेक करत, जुनाच पसारा वापरून.

आईचे हात मी काढायला लावलेत. बाकी सहा जणांचं मामा तुम्ही बघा.