ब्रँडचं नाव ठेवताय? आधी व्हेजिमाइटवाल्यांना गुरू करा

पावाला लावायचं काहीतरी तुम्ही घरी बनवलंय, शेजाऱ्यांनी फुकट मिळालं म्हणून छान म्हटलंय, आणि आता तुम्हाला बरण्या भरून विकायच्यात. अभिनंदन! चव वगैरे नंतर बघू, आधी नाव. आणि नावासाठी स्वतःचं डोकं अजिबात वापरू नका, ऑस्ट्रेलियात सगळे प्रयोग करून झालेत, तुम्ही नुसती कॉपी मारा.

पहिल्या महायुद्धामुळे ऑस्ट्रेलियात इंग्लंडहून येणाऱ्या मार्माइटचे, म्हणजे यीस्टपासून बनवलेल्या, पावाला लावायच्या मालाचे वांधे झाले होते. पुढे मेलबर्नच्या फ्रेड वॉकरने सिरिल कॅलिस्टर नावाच्या केमिस्टला कामाला लावलं, की बिअर बनवून उरलेल्या यीस्टचं तसंच काहीतरी आपलं काढ. त्याने काढलं ते काळंकुट्ट, खारट, डांबराचं चुलत भावंड. आता याला कुठला शहाणा माणूस स्वतःच्या जबाबदारीवर नाव देईल? म्हणून पब्लिकवर ढकला! स्पर्धा लावली, बक्षीस 50 पौंड, आणि आलेल्या नावांतून निवड करायला कमिटी नाही, कन्सल्टंट नाही, वॉकरची मुलगी. (घरात मुलगी नसेल तर भाचीला विचारा, पण बायकोला नको, ती खरं बोलेल.) अशा रीतीने 1923 मध्ये व्हेजिमाइट दुकानात आलं. पुढचा तुकडा व्हेजिटेबलचा, मागचं माइट सरळ मार्माइटसारखं, म्हणजे ज्याच्याशी टक्कर घ्यायची त्याचीच शेपटी लावायची आणि आम्ही ओरिजिनल म्हणून मिरवायचं.

आता खप नाही झाला तर? रेसिपीला हात लावू नका, लेबल बदला. 1928 ला यांनी नाव केलं पारविल. का, तर मार्माइट हे इंग्रजीत 'मा माइट', म्हणजे 'आई कदाचित' असं ऐकू येतं, मग आमचं 'पा विल', म्हणजे 'पण बाबा नक्की'! हसलात? नाही ना, गिऱ्हाईक पण नाही हसलं. 1935 पर्यंत तो जोक ओढला आणि मग गपचूप व्हेजिमाइट परत. मग कंपनीच्या दुसऱ्या मालावर कूपन देऊन बरण्या फुकट वाटल्या, 1937 ला वात्रटिकेची स्पर्धा घेऊन बक्षिसात अमेरिकन पाँटिॲक गाड्या ठेवल्या, तेव्हा कुठे गाडं हललं. हिशोब लक्षात घ्या, नाव सुचवणाऱ्याला 50 पौंड आणि पाच ओळी जुळवणाऱ्याला मोटार.

अजून एक, आधीच्या फजितीतून काहीही शिकू नका. 2009 मध्ये तेव्हाच्या मालकाने, म्हणजे क्राफ्टने, व्हेजिमाइटमध्ये क्रीम चीज घालून नवीन बरणी काढली, परत स्पर्धा, तब्बल 48,000 नावं आली, आणि त्या ढिगातून साहेबांनी उचललं काय तर आयस्नॅक 2.0! तरुण मंडळींना मॉडर्न वाटावं म्हणून. ब्रेडला लावायचं का अपडेट मारायचं, असा प्रश्न पडावा असं नाव. लोकांनी असली झोडपली की काही दिवसांतच नाव मागे घेतलं, आणि मग लोकांच्याच मतदानाने चीजीबाइट ठरलं, जे पहिल्यांदाच करता आलं असतं, पण मग एवढी चर्चा कुठून झाली असती?

हां, तेव्हा बरेच जण म्हणत होते की हा मुद्दाम केलेला पब्लिसिटी स्टंट आहे. कंपनीने साफ नाकारलं. तुमचं नाव आपटलं तर तुम्हीही नाकाराच, फक्त फार जोरात नको.