जळजळ म्हणजे घाण निघतेय? जलनेतीच्या मेसेजला उत्तर

आमच्या योगवर्गातल्या एका काकूंनी परवा मोबाइल पुढे केला. "ताई, हे वाचून आठ दिवस करतेय, पण नाकात मिरची गेल्यासारखं होतं गं." मेसेज तुम्हालाही आला असेल. सकाळी नळाच्या कोमट पाण्यात चिमूटभर मीठ टाकून जलनेती करा, जळजळ झाली तर घाण निघतेय असं समजा, पाणी मेंदूपर्यंत जाऊन डोकं साफ करतं, एकवीस दिवसांत सायनस मुळासकट जातो, मग गोळ्या नकोत की स्प्रे नको. वर पाच हजार वर्षांच्या विद्येचा शिक्का.

मी स्वतः वर्षानुवर्षं जलनेती, म्हणजे तोटीच्या लोटीने खारट पाणी सोडून नाक धुणं, करते, शिकवते. तिचा गुण मला माहीत आहे, म्हणूनच हा मेसेज पाहून जीव कळवळतो.

आधी जळजळ. ती घाण निघाल्याची खूण नाही, मीठ कमी पडल्याची आहे. नाकाच्या आतल्या नाजूक अस्तराला शरीरातल्या पाण्याइतकंच खारट पाणी सोसतं. त्यासाठी अर्ध्या लिटरला साधारण साडेचार ग्रॅम मीठ लागतं, म्हणजे चहाचा सपाट चमचा भरायला जरासं कमी. चिमटीत त्याचा दहावा हिस्सा जेमतेम येतो. काकूंना समोर बसवून मोजून मीठ घालायला लावलं, नीट विरघळवलं. बेसिनवर वाकून, मान तिरकी करून, तोंडाने श्वास घेत त्यांनी लोटी लावली, आणि दुसऱ्या नाकपुडीतून बारीक धार सुरू झाली. डोळ्यांत पाणी नाही, ठसका नाही. "अगंबाई, काहीच झोंबत नाही!" म्हणाल्या.

आता नळाचं पाणी. इथे मी कुणाचीही भीड ठेवणार नाही. २०११ मध्ये अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात दोन माणसं दगावली. दोघांनीही नेतीच्या लोटीत नळाचं पाणी वापरलं होतं. त्या पाण्यातला नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमीबा नाकातून वासाच्या मज्जातंतूवाटे मेंदूत शिरला. हेच पाणी प्यायलं तर अमीबा पोटात जातो आणि तिथे तो काही करू शकत नाही. नाकातून मात्र त्याला मेंदूची वाट सापडते. केरळात २०२४ आणि २०२५ मध्ये अमीबाच्या मेंदूज्वराचे रुग्ण सापडले, तेव्हा तळ्यात पोहण्या-आंघोळीबद्दल बरीच चर्चा झाली. हा आजार फार दुर्मीळ आहे हे खरं, पण झाला तर त्यातून फार थोडे वाचतात. आणि तो टाळायला फक्त गॅसवर पातेलं ठेवायचं आहे. उकळी फुटल्यावर तीन ते पाच मिनिटं उकळू द्या, झाकून कोमट होऊ द्या, त्याच दिवशी वापरा. "आमच्याकडे फिल्टर आहे की" हे मी रोज ऐकते. तो पिण्याच्या पाण्यासाठी आहे. टाकीत साठलेलं ते पाणीसुद्धा नाकासाठी उकळूनच घ्या. मेसेजमधलं 'कोमट' म्हणजे गिझरचं पाणी असं समजणारेही भेटलेत!

पाणी मेंदूपर्यंत जातं हेही खोटं. एका नाकपुडीतून शिरलेलं पाणी मधल्या पडद्याच्या मागून वळतं आणि दुसरीतून बाहेर येतं. मेंदू आणि नाक यांच्यामध्ये हाड आहे; अमीबा मज्जातंतूवाटे शिरतो, पण पाणी तिथून जात नाही. कपाळामागच्या सायनसच्या पोकळीतसुद्धा हे पाणी फारसं पोचत नाही.

एकवीस दिवसांत मुळासकट? सायनसच्या त्रासामागे बऱ्याचदा ॲलर्जी असते. ॲलर्जी म्हणजे धूळ, परागकण, घरातले सूक्ष्म किडे यांच्यावर शरीर जे चिडतं ते. धुण्याने नाकातली धूळ आणि घट्ट शेंबूड निघतो, शिंका कमी होतात, श्वास मोकळा होतो. शरीराचं चिडणं तसंच राहतं. इंग्लंडमध्ये ८७१ रुग्णांवर झालेल्या, २०१६ साली छापून आलेल्या एका अभ्यासात सायनसचा जुना किंवा पुन्हा पुन्हा होणारा त्रास असलेल्यांना नाक धुण्याने बेताचा फायदा दिसला. वाफेने मात्र नाही. आपल्याकडे पोरांच्या डोक्यावर टॉवेल टाकून वाफ देतात, ते भाजण्याचे प्रसंग तरी थांबवा. आणि डॉक्टरांनी दिलेला स्प्रे मनाने बंद करू नका. नेती आधी, दहा-पंधरा मिनिटांनी स्प्रे. धुतलेल्या नाकात औषध नीट लागतं.

पाच हजार वर्षांचं म्हणाल तर हठयोगप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात नेती आहे, पण ती सुताची. नाकातून दोरा घालून तोंडातून काढायची. पाण्याची धार त्यात नाही.

नाकपुडी पूर्ण चोंदली असेल, कान दुखत असेल किंवा नाकाचं नुकतंच ऑपरेशन झालं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. नेती झाल्यावर पुढे वाकून दोन्ही नाकपुड्या मोकळ्या ठेवून हळू शिंकरा. एक दाबून जोरात शिंकरलं की पाणी कानाकडे सरकतं. लोटी धुऊन, पुसून, पालथी घालून पूर्ण वाळू द्या. काकूंची सिंकखाली ओली पडलेली असायची, ती आता खिडकीत उन्हात असते.