गावचं घर विकायचंय? आधी आत्याला फोन करा

मागच्या आठवड्यात शाळेतल्या एका तरुण सहकाऱ्याने विचारलं, "सर, तुमी गावचं घर विकलं, तालुक्याले प्लॉट घेतला. मले पण तेच करायचं आहे. सुरुवात कुठून करू?"

मी विचारलं, "तुला आत्या आहे का?"

तो हसला. त्याला वाटलं, सरांनी विषय बदलला. म्हणून ही पोस्ट. लांबली तर सांभाळून घ्या. मी वकील नाही, जिल्हा परिषदेच्या शाळेतला मास्तर आहे. पण एक घर विकताना आणि एक प्लॉट घेताना जे चटके बसले, ते फुकटात देतोय.

आमचं घर हिंगणघाट तालुक्यातल्या एका गावात, अगदी आबादीत, म्हणजे गावठाणात. मातीच्या भिंती, कवेलूचं छप्पर, मागे सांदवाडी, म्हणजे परसाची मोकळी जागा. बाबा २०१५ साली गेले, आईला मी माझ्याकडे आणलं आणि घराला कुलूप लागलं. बंद घर पावसाळ्यात किती झपाट्याने बसतं हे पाहणाऱ्यालाच कळतं. २०२१ मध्ये ठरवलं, विकून टाकू. गिऱ्हाईकही गावातलंच मिळालं. मला वाटलं, दोन महिन्यांत रजिस्ट्री होईल. लागली दोन वर्षं.

पहिला अडथळा असा की ज्या कागदाच्या जिवावर मी मालक म्हणून मिरवत होतो, तो मालकीचा कागदच नव्हता. ग्रामपंचायतीचा नमुना ८. आपल्याकडे बहुतेकांची हीच समजूत आहे. नमुना ८ ही घरकराची आकारणी यादी. कर कोणाकडून घ्यायचा ते ग्रामपंचायतीने त्यात लिहून ठेवलेलं असतं. त्यात नाव आहे म्हणजे तुम्ही कर भरता एवढंच ठरतं. आजोबा गेल्यावर बाबांनी अर्ज दिला, ग्रामपंचायतीने त्यांचं एकट्याचं नाव चढवलं, विषय संपला. घर आजोबांनी स्वतः बांधलेलं. त्यांच्या मागे वारस दोन, बाबा आणि आत्या. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आजोबा गेले त्याच दिवशी आत्याचा निम्मा हिस्सा झाला होता. हे आमच्या घरात कोणी कधी उच्चारलं नव्हतं. उच्चारायची रीतच नव्हती.

पुलगावला तिच्याकडे गेलो. सोबत साडी-चोळी नेली होती, हे कबूल करतो. बहिणीची, आत्याची सही साडी-चोळीवर घ्यायची ही आपल्याकडची पद्धत मी डोळ्यांनी पाहिली आहे आणि मीही तीच उचलली. आत्याने साडी बाजूला ठेवली, चहा ठेवला आणि विचारलं, "केवढ्यात चाल्लं घर?"

मी म्हटलं, "चार लाख साठ हजार."

"तं मंग माह्या हिश्श्याचे किती?"

मी गप्प. आतेभाऊ खिडकीबाहेर पाहू लागला. सत्तरीची बाई, तिला पहिल्यांदाच तो प्रश्न विचारायची संधी मिळाली होती आणि तिने ती सोडली नाही. मला आधी राग आला, हेही लिहून टाकतो. वर्ध्याला वकिलांकडे गेलो तेव्हा ते म्हणाले, "मास्तर, ती निम्मं मागू शकते. किती मागते?" तिने चौथाई मागितली. एक लाख पंधरा हजार. आईने एका वाक्यात हो म्हटलं.

इथे एक कामाची गोष्ट. वारसाला पैसे द्यायचे असतील तर हक्कसोडपत्राच्या भानगडीत न पडता तिला विक्रीपत्रातच 'लिहून देणार', म्हणजे विकणारी, म्हणून घ्या. आमच्या विक्रीपत्रात लिहून देणारे पाच: आई, मी, दोन बहिणी, आत्या. प्रत्येकीच्या खात्यात थेट पैसे. आणि कोणी खरंच मायेने हक्क सोडत असेल तर ते हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवूनच घ्या. वहीच्या पानावर 'मला काही नको' लिहून घेतलेल्या सह्या पुढे नातवंडांना कोर्टात नेतात. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क २००५ च्या दुरुस्तीने दिला. त्यासाठी २००५ साली वडील हयात असायला हवे होते का, हा घोळ सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये संपवला: गरज नाही. तेव्हा 'आमच्या पोरींची लग्नं आधीच झाली' हे उत्तर आता चालत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी मला ते कधी पटायला नको होतं.

दुसरा अडथळा नकाशाचा. आमच्या गावठाणाला आखीव पत्रिकाच, म्हणजे मोजलेल्या घरजागेचा सरकारी उतारा, नव्हती. घेणाऱ्याला बँकेचं थोडं कर्ज हवं होतं आणि बँकेने नमुना ८ पाहून फाईल परत केली. त्याच सुमारास स्वामित्व योजनेतलं ड्रोन गावात आलं. ही योजना एप्रिल २०२० मध्ये सुरू झाली. गावठाणातल्या ज्या घरांची कधी मोजणीच झाली नाही, त्यांना नकाशा आणि मिळकत पत्रिका द्यायची, असं तिचं काम. ड्रोन उडायच्या आधी प्रत्येकाने आपली हद्द चुन्याने आखून दाखवायची असते. दवंडी झाली होती. मी शाळेत होतो. गावात दूरचा भाऊ होता, तो म्हणाला, "मी पाहतो ना, दादा." त्याने पाहिलं ते ड्रोन.

पत्रिका हाती आली तेव्हा सांदवाडीचा अडीच फुटांचा पट्टा शेजारच्या काकांकडे गेलेला. काका भले माणूस, म्हणाले, "लेका, ते तुमचंच आहे, मी सही देतो." तरी दुरुस्तीला सात महिने गेले. कार्यालयाचं नाव घेत नाही. तिथे कोणी वाईट वागलं नाही, फक्त दर वेळी साहेब दौऱ्यावर असायचे. तुमच्या गावात मोजणी व्हायची असेल तर एक दिवसाची रजा टाका आणि हातात चुन्याची पिशवी घेऊन उभे राहा. भावावर सोडू नका.

तोवर पहिलं गिऱ्हाईक गेलं. आणि त्याच्याकडून मी इसार घेऊन बसलो होतो! एक्कावन्न हजार, रोख, शंभराच्या स्टॅम्पवर. गावात इसाराची हीच पद्धत, त्यामुळे डोक्यात काही आलंच नाही. नंतर कळलं की स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा जास्त रक्कम रोखीने घेता येत नाही, आणि घेतली तर तेवढाच दंड घेणाऱ्याला. देणाऱ्याला नाही, घेणाऱ्याला. दोघांचंही उत्पन्न फक्त शेतीचं आणि करपात्र काहीच नसेल तर सूट आहे, पण मी पगारदार माणूस. परत दिले तेव्हा मात्र बँकेतून दिले. आणखी एक चूक म्हणजे त्या चिठ्ठीत व्यवहार किती दिवसांत पुरा करायचा, नाही झाला तर इसाराचं काय, याचा एक शब्द नव्हता. त्याने व्याज मागितलं असतं तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. नाही मागितलं, ही त्याची माणुसकी.

दुसरं गिऱ्हाईक आणायला दलाल आला तो मे महिन्यात. भाव सांगितला साडेतीन लाख. आमच्या भागात घर-जमीन विकायची घाई नेमकी मृगाच्या तोंडावर होते. बी-बियाणं, खत, शाळेच्या फिया, सोसायटीचं थकलेलं कर्ज, सगळं एकदमच अंगावर येतं. घेणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. कापूस-सोयाबीनचा पैसा घरात येतो दिवाळी ते संक्रांतीच्या दरम्यान, तेव्हा गावात घेणारे दोनाचे चार होतात. मला पगार होता म्हणून मी थांबू शकलो. जानेवारीत तेच घर पुन्हा चार साठला गेलं. ज्याला थांबता येत नाही त्याला हा सल्ला म्हणजे जखमेवर मीठ, हे मला कळतं. म्हणूनच म्हणतो, वारसनोंद, मोजणी, बोजा (उताऱ्यावरची कर्जाची नोंद) कमी करणं ही कामं विकायची गरज नसताना उरकून ठेवावीत. गरज पडली की कागद अपुरा असणाराच सगळ्यात स्वस्तात विकतो. दलाल भाव पाडतो ते घर पाहून नाही, फाईल पाहून.

घेणाऱ्याने घर बायकोच्या नावावर केलं, मुद्रांक शुल्कात एक टक्का वाचवला. राहत्या घरासाठी ही सवलत २०२१ पासून आहे, तरी कितीतरी जणांना माहीत नसते. सगळी रक्कम खरेदीखतात दाखवली. काही जण अर्धी रक्कम कागदावर दाखवून अर्धी खालून रोख देऊ पाहतात, त्यांना आईने दारातूनच परत पाठवलं असतं.

आता घेण्याचं. तालुक्याच्या रस्त्यालगत एक ले-आउट पडला होता. रंगीत माहितीपत्रक, कमानीवर देवीचं नाव, भाव शेजारच्यापेक्षा चारशे रुपये फुटामागे कमी. विकणारा म्हणाला, "एन.ए. प्रोसेसमध्ये आहे." हे वाक्य ऐकलं की चहा संपवून उठावं. एन.ए. म्हणजे अकृषक, शेतजमीन शेतीशिवाय वापरायची परवानगी. तो अकृषक आदेश आणि मंजूर नकाशा, दोन्ही हातात घेऊन वाचायचे. प्रोसेसमध्ये घर बांधता येत नाही.

मी सातबारा काढला. डिजिटल सहीचा पंधरा रुपयांत मोबाइलवर मिळतो. पण आपल्या पूर्व विदर्भात नुसत्या आजच्या सातबाऱ्याने भागत नाही. आपलं महसुली जुनेपण वेगळं आहे, मालगुजारीचं, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांचं. पटवाऱ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, निस्तार पत्रक (गावाच्या सामाईक जमिनींची नोंद) आणि १९५४-५५ चा अधिकार अभिलेख (कोणती जमीन कोणाची, याची जुनी नोंद) मागितला. ले-आउटला लागून असलेल्या सर्व्हे नंबरवर 'झुडपी जंगल'. कमानीजवळचे चार प्लॉट त्यात सरकलेले. मी सोडून दिलं. पुढे २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की झुडपी जंगल हे वनच धरायचं. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून अशी सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन आहे. डिसेंबर १९९६ च्या आधी रीतसर दिलेल्या जागांना वाट आहे, नंतरच्यांची परीक्षा कडक. त्या चार प्लॉटवाल्यांपैकी एक माझ्या ओळखीचे आहेत. ते हल्ली भेटले की विषय क्रिकेटचा काढतात.

सातबाऱ्यातला इतर हक्काचा रकाना बोट ठेवून वाचा. भोगवटादार वर्ग २, म्हणजे सरकारी अटींवर दिलेली जमीन, असेल तर परवानगीशिवाय विक्री नाही. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीला अशी सहज घेता येत नाही, कोणी कितीही स्टॅम्प दाखवले तरी. आणि विनोबांचं पवनार ज्या जिल्ह्यात आहे तिथे भूदानाची जमीन विसरून चालत नाही. ती विकायची वस्तूच नाही.

'आममुखत्यारपत्रावर घ्या, रजिस्ट्री नंतर करू' हा प्रकारही सर्रास चालतो, खास करून जिथे तुकडेबंदीमुळे, म्हणजे जमिनीचे फार छोटे तुकडे पाडू न देणाऱ्या कायद्यामुळे, छोटा तुकडा नोंदवता येत नाही. आममुखत्यारपत्राने मालकी जात नाही, हे २०११ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने सांगून झालं आहे. नोटरीचा लाल शिक्का पाहून बरीच माणसं भारावतात. मीही पूर्वी भारावत असे.

शेवटी घेतला तो प्लॉट आडबाजूला आहे, कमान नाही, रस्ता मुरमाचा. पण तीस वर्षांच्या मालकीचा शोध अहवाल वकिलांनी दिला, मोजणीची क प्रत (सरकारी मोजणीचा नकाशा) आहे, चारही कोपऱ्यांना दगड आहेत. रजिस्ट्री झाल्यावर फेरफार, म्हणजे सरकारी दप्तरात मालकाचं नाव बदलल्याची नोंद, मंजूर झाला का ते मात्र स्वतः जाऊन पाहिलं. नोटिशीचे पंधरा दिवस मोजले आणि सोळाव्या दिवशी पटवाऱ्याच्या दारात.

एवढं सगळं सांगणाऱ्याकडून एक गोष्ट राहिलीच. काल गावच्या घराच्या नव्या मालकाचा फोन आला. विजेचं मीटर अजून बाबांच्याच नावावर आहे. ना-हरकत द्यायची, मृत्यूचा दाखला जोडायचा, रजिस्ट्रीच्या दिवशीच उरकण्यासारखं काम होतं. तो बिचारा दर महिन्याला बाबांच्या नावाचं बिल भरतोय. रविवारी जाऊन सही देऊन येतो. वाटेत पुलगाव लागत नाही, पण आत्याकडे जाऊन येईन म्हणतो.